अंडी, दूध आणि लोणी यांच्याशिवाय चॉकलेट केक: घरी करण्याची सविस्तर पद्धत

आपल्याकडे ‘एगलेस’ केक सहज मिळतो आणि घरोघरी केलाही जातो, परंतु तो बहुतेक वेळा वीगन नसतो. अंड्याची उणीव भरून काढण्यासाठी त्यात कंडेन्स्ड मिल्क, दही, लोणी किंवा दुधाची पावडर घातलेली असते. वीगन केक म्हणजे ज्यात प्राण्यांपासून मिळणारा एकही पदार्थ नाही असा केक, आणि असा केक करायला निघालेली व्यक्ती प्रथम पर्यायांच्या मागे लागते: दह्याऐवजी सोयाचे दही, लोण्याऐवजी महागडे वनस्पतिजन्य लोणी, अंड्याऐवजी भिजवलेल्या जवसाची पूड. साध्या चॉकलेट केकसाठी यांपैकी कशाचीही गरज नाही, हे या लेखात मला मुख्यतः सांगायचे आहे. मैदा, कोको, साखर, तेल, पाणी, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एवढ्यावर मऊ, ओलसर आणि गडद चवीचा केक होतो. तो दुसऱ्या एखाद्या केकची नक्कल नसून त्याची स्वतःची जुनी परंपरा आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकातील महामंदीत आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत दूध, लोणी आणि अंडी जपून वापरावी लागत असताना असे केक घरोघरी रूढ झाले, आणि ‘वॅकी केक’ किंवा ‘क्रेझी केक’ या नावांनी ते आजही तिथे केले जातात.

साहित्य आणि मापे

खालील प्रमाण २० सेंटिमीटर, म्हणजे ८ इंच व्यासाच्या गोल भांड्यासाठी आहे. त्यात आठ ते दहा जणांपुरता केक होतो.

मैदा १९० ग्रॅम (दीड कप)
साखर १८० ग्रॅम, शक्यतो बारीक दाण्याची
कोको पावडर ३० ग्रॅम
खाण्याचा सोडा १ छोटा चमचा, सपाट (सुमारे ५ ग्रॅम)
मीठ अर्धा छोटा चमचा
पाणी २४० मिलिलिटर (१ कप)
वास नसलेले तेल ८० मिलिलिटर
पांढरे व्हिनेगर १ मोठा चमचा (१५ मिलिलिटर)
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
इन्स्टंट कॉफी अर्धा छोटा चमचा, ऐच्छिक

येथे कप म्हणजे २४० मिलिलिटरचा, छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला आहे. स्वयंपाकघरातील वाट्या आणि चमचे यांची मापे घरोघरी वेगळी असतात. भाजी-आमटीत त्याने बिघडत नाही, केकमध्ये मात्र बिघडते. मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमपर्यंत मैदा दाबून बसू शकतो, आणि तोच चमच्याने हलके सोडत भरून वरून सुरीने सपाट केला तर सुमारे १२५ ग्रॅम भरतो. दीड कपात हा फरक जवळजवळ ४० ग्रॅमचा होतो, आणि तेवढ्याने मऊ केक कोरडा होतो. एक साधा डिजिटल वजनकाटा घ्यावा. केकसाठी कोणतेही एकच उपकरण विकत घ्यायचे असेल तर ते हेच असावे, असे मी आग्रहाने सांगेन.

साहित्य निवडताना

या केकची सगळी चव कोकोवर अवलंबून असल्यामुळे त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बाजारात दोन प्रकारची कोको पावडर मिळते. नैसर्गिक कोको फिकट तपकिरी आणि किंचित आम्लधर्मी असतो. ‘डच’ पद्धतीच्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे तो अधिक गडद, चवीला सौम्य आणि आम्लता गेलेला असतो. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांनी ही प्रक्रिया प्रचारात आणली, त्यावरून हे नाव पडले. पाकिटावरील घटकांच्या यादीत आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ हे क्रमांक दिसले, तर तो कोको प्रक्रिया केलेला आहे असे समजावे. आपल्या कृतीत सोड्याला आम्ल हवे असल्याने नैसर्गिक कोको उत्तम. घरी डच कोकोच असेल तर सोडा फक्त पाव छोटा चमचा घेऊन सोबत दीड छोटा चमचा बेकिंग पावडर घालावी, व्हिनेगर तसेच ठेवावे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ची पावडर मात्र वापरू नये, कारण तिच्यात बरीचशी साखर आणि पुष्कळदा दुधाचे घनपदार्थ असतात.

तेल सूर्यफुलाचे किंवा राइस ब्रॅनचे घ्यावे. घाण्याचे शेंगदाणा तेल स्वयंपाकात कितीही आवडत असले तरी त्याचा वास कोकोवर मात करतो. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून हिवाळ्यात किंवा फ्रिजमध्ये त्याचा केक घट्ट लागतो. व्हिनेगर साधे पांढरे चालते आणि भाजल्यावर त्याचा वास उरत नाही. ते नसल्यास तेवढाच गाळलेला लिंबाचा रस घालता येतो. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर घरोघरी असते. त्याला स्वतःचा ठळक स्वाद असतो, तो आवडत असेल तरच ते वापरावे.

साखरेबद्दल वीगन मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. काही देशांत साखर शुभ्र करण्यासाठी जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरला जातो, तसे आपल्याकडे होते का? महाराष्ट्रातील कारखान्यांत उसाचा रस प्रामुख्याने चुना आणि गंधकाचा धूर यांच्या साहाय्याने स्वच्छ केला जातो, त्यामुळे नेहमीच्या साखरेबाबत ही चिंता करण्याचे कारण नाही. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर १८० ग्रॅम गूळ याच पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा आणि पाणी दोन मोठे चमचे कमी करावे. केक अधिक गडद आणि ओलसर होतो, परंतु चॉकलेटच्या चवीबरोबर गुळाचीही चव लागते.

लेबल वाचण्याची सवय ही वीगन स्वयंपाकातील निम्मी तयारी आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकते. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये वीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम लागू केले, आणि त्यांच्यासाठी वर पान असलेले हिरव्या ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह ठरवले. ते सर्वच पाकिटांवर आढळत नाही, म्हणून घटकांची यादी आणि तिच्याखालील ॲलर्जीविषयक सूचना वाचाव्यात. केकवर घालण्याच्या तयार क्रीमच्या डब्यावर ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेले असूनही आत सोडियम केसिनेट हे दुधातील प्रथिन अनेकदा असते. मार्गरिनमध्येही दुधाचे घनपदार्थ असू शकतात. सजावटीच्या रंगीत, चकचकीत गोळ्यांवर लाखेचा मुलामा असेल तर यादीत ९०४ हा क्रमांक दिसतो, आणि १२० हा क्रमांक कीटकांपासून मिळवलेल्या लाल रंगाचा असतो. केक दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी करायचा असेल तर ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचनासुद्धा गंभीरपणे घ्यावी, आणि भांडी, चाळणी, उलथणे सगळे आधी स्वच्छ धुऊन कोरडे करावे.

अंड्याशिवाय केक फुगतो कसा

सोडा आणि आम्ल एकत्र आले की कर्बवायू तयार होतो, हे शाळेत शिकलेले असते. मात्र १५ मिलिलिटर व्हिनेगरमध्ये असलेले आम्ल जेमतेम एक ग्रॅमभर सोडा वापरू शकते. उरलेल्या सोड्याचा काही भाग कोकोतील आम्लाशी संयोग पावतो आणि बाकीचा भट्टीतील उष्णतेने फुटून वायू देतो. म्हणून हा केक पीठ कालवताना थोडा आणि भट्टीत शिरल्यावर पुष्कळ फुगतो. उष्णतेने फुटलेल्या सोड्यामागे अल्कली उरते, आणि तिच्यामुळे कोकोचा रंग गडद होतो. सोडा थोडा जरी जास्त झाला तरी हीच अल्कली जिभेला साबणासारखी लागते, म्हणून चमचा सपाटच भरावा. शिग भरलेला चमचा घेतल्यावर ती चव कशानेही झाकता येत नाही.

अंड्याचे दुसरे काम केकला आधार देण्याचे असते. येथे ते मैद्यातील ग्लूटेन हे चिवट प्रथिन आणि पाण्यात शिजून फुगलेले पिठूळ कण करतात. पीठ ओले झाल्यावर जितके ढवळावे तितके ग्लूटेन बळकट होते. पोळीच्या कणकेत ते हवे असते, पण केकमध्ये त्याचे प्रमाण वाढले की केक चिवट होतो आणि आत लांबट पोकळ्या पडतात. त्यामुळे दोन गोष्टींना सांभाळावे लागते: ओले-कोरडे एकत्र झाल्यावर कमीत कमी ढवळणे, आणि त्यानंतर लगेच भांडे भट्टीत जाणे.

पूर्वतयारी

सोडा ताजा आहे की नाही हे आधी पाहावे. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे उघड्या पुडीतील सोड्याच्या गुठळ्या होतात आणि जुना सोडा निकामीही झालेला असतो. वाटीत पाव चमचा सोडा घेऊन त्यावर थोडे व्हिनेगर टाकावे. जोरात फसफसले तर सोडा वापरण्यायोग्य आहे.

भांड्याच्या तळाच्या मापाचा बटर पेपर कापून घ्यावा, भांड्याला आतून तेलाचा हात फिरवावा, कागद तळाशी बसवावा आणि कडांना मैदा भुरभुरून जास्तीचा झटकून टाकावा. हा केक ओलसर असल्याने नुसत्या तेलावर तळ चिकटण्याचा संभव असतो. १८ सेंटिमीटरचे भांडे घेतल्यास केक उंच होतो आणि भाजायला दहा मिनिटे अधिक लागतात. भांडे कोणतेही असो, पीठ दोन तृतीयांशापेक्षा वर येता कामा नये.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची भट्टी, १८० अंशांवर लावून १५ मिनिटे तापू द्यावा. वरची आणि खालची अशा दोन्ही कांड्या चालू ठेवाव्यात आणि जाळी अशी लावावी की केक मधोमध येईल. पंखा असलेल्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १७० अंश पुरेत. तेथे ‘मायक्रो’ नव्हे, ‘कन्व्हेक्शन’ हीच पद्धत निवडावी.

मिश्रण

प्रथम पाणी उकळावे. एका भांड्यात कोको आणि कॉफी घेऊन त्यावर ते उकळते पाणी थोडे थोडे ओतत गुठळी राहणार नाही असे फेटावे. उकळत्या पाण्याने कोकोचा सुगंध खुलतो आणि चव अधिक भरीव होते. थेट मैद्यात मिसळलेल्या कोकोपेक्षा हा फरक स्पष्ट जाणवतो, म्हणून ही पायरी गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. कॉफीची वेगळी चव लागत नाही, ती चॉकलेटची चव गडद करते. हे मिश्रण बोट सहज बुडवता येईल इतके कोमट होऊ द्यावे. गरम असताना पुढे गेल्यास सोड्याचा बराचसा वायू भांड्यातच निघून जातो.

तोवर मैदा, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे. सोड्याची एखादी बारीक गुठळी राहिली तर तेवढ्या जागी पिवळसर, कडवट ठिपका पडतो. कोमट कोकोच्या पाण्यात साखर घालून ती बरीचशी विरघळेपर्यंत ढवळावी, मग तेल आणि व्हॅनिला घालून एकजीव करावे. तेल काही वेळाने वर तरंगू लागते, त्याची काळजी करू नये.

यानंतरचा भाग चटपट व्हायला हवा. भट्टी तापलेली आणि भांडे तयार असल्याची खात्री करून ओल्या मिश्रणात व्हिनेगर घालावे, एकदा ढवळावे आणि कोरडे मिश्रण दोन हप्त्यांत त्यात घालत हाताच्या फेटणीने मिसळावे. कोरडे पीठ दिसेनासे होताच थांबावे. चार-दोन बारीक गुठळ्या राहिल्या तरी भाजताना त्या विरतात. विजेची फेटणी येथे नको. पीठ इडलीच्या पिठापेक्षा सैल आणि सहज ओतता येईल असे होते. इतके पातळ पीठ पाहून अनेक जण वरून मैदा घालतात, आणि नेमका तिथेच केक कोरडा होतो. हे पाणी मोजूनच घातलेले आहे, त्यावर विश्वास ठेवावा. पीठ भांड्यात ओतून भांडे ओट्यावर एकदा हलके आपटावे, म्हणजे मोठे बुडबुडे निघून जातात, आणि लगेच भट्टीत ठेवावे.

भाजणे

ओटीजीमध्ये ३० ते ३५ मिनिटे लागतात. पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. त्या काळात केक फुगलेला असतो, पण आतील पीठ शिजून घट्ट झालेले नसते, आणि थंड हवा आत शिरली की मध्यभाग खाली बसतो. नंतर मध्यभागी टूथपिक किंवा विणकामाची स्वच्छ सुई खुपसून पाहावी. तिला ओले पीठ लागले तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. एखाद-दुसरा ओलसर कण लागला तर केक झाला आहे असे समजावे. सुई अगदी कोरडी येईपर्यंत थांबल्यास केक प्रमाणापेक्षा जास्त भाजला जातो. कडा भांड्यापासून सुटू लागणे आणि बोटाने दाबलेला पृष्ठभाग पुन्हा वर येणे, या खुणाही पाहाव्यात. रंगावर मात्र विसंबू नये, कारण हा केक सुरुवातीपासूनच गडद असतो. घरगुती ओटीजीचे आकडे पुष्कळदा खऱ्या तापमानाशी जुळत नाहीत. वरचा भाग लवकर कडक होऊन फुटत असेल तर पुढच्या वेळी दहा अंश कमी ठेवावेत.

भट्टी नसेल तर गॅसवरही हा केक चांगला होतो. त्यासाठी प्रेशर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी मीठ घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. परंतु कुकर कोरडा तापवू नये अशी सूचना बहुतेक उत्पादक देतात, म्हणून घट्ट झाकणाची जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेले मला अधिक योग्य वाटते. नॉनस्टिक भांडे मात्र घेऊ नये. तळाशी जाड मिठाचा थर पसरावा, त्यावर तिवई ठेवावी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग केकचे भांडे तिवईवर ठेवून आच मंद करावी आणि ४५ ते ५५ मिनिटे भाजावे. भांड्याच्या कडेभोवती वाफ आणि उष्णता खेळण्यासाठी दोन बोटे मोकळी जागा असली पाहिजे. झाकणावर पाणी साठून केकवर ठिबकत असेल तर झाकणाला आतून स्वच्छ सुती कापड बांधावे आणि त्याची टोके वर गाठ मारून आचेपासून दूर ठेवावीत. गॅसवरच्या केकचा माथा ओटीजीइतका कोरडा आणि खरपूस होत नाही, पण आतून तो तितकाच मऊ असतो.

महाबळेश्वरसारख्या उंचावरच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने केक लवकर फुगतो आणि तितक्याच लवकर बसतो. तिथे सोडा पाऊण चमचा घ्यावा. पुणे किंवा नाशिकच्या उंचीवर असा बदल करावा लागत नाही.

केक भट्टीतून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे भांड्यातच राहू द्यावा. अंडे नसल्याने गरम असताना त्याची घडण नाजूक असते आणि घाई केल्यास तो तुटतो. मग कडेने सुरी फिरवून जाळीवर उलटा करावा, कागद काढावा आणि पूर्ण निवू द्यावा. कापण्यापूर्वी किमान दोन तास जाऊ द्यावेत. चव दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, म्हणून वाढदिवसासाठी तो आदल्या संध्याकाळी करून ठेवणे सोयीचेही आहे आणि चवीच्या दृष्टीनेही चांगले.

कणीक वापरायची असल्यास निम्मा मैदा आणि निम्मी कणीक हे प्रमाण ठेवावे. चक्कीवर दळलेली कणीक अधिक पाणी पिते, म्हणून दोन मोठे चमचे पाणी वाढवावे. पूर्ण कणकेचा केक होतो, पण तो जड लागतो, आणि प्रथमच करणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

वरचा थर

केक नुसताही चांगला लागतो. थर हवाच असेल तर सर्वांत सोपा म्हणजे ६० ग्रॅम पिठीसाखर आणि २० ग्रॅम कोको चाळून, त्यात एक मोठा चमचा तेल आणि दोन ते तीन मोठे चमचे गरम पाणी घालून फेटलेला चकचकीत लेप. तो निवलेल्या केकवर ओतावा.

अधिक समृद्ध थरासाठी नारळाचे दूध उपयोगी पडते. १२० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून घ्यावे. त्यात दुधाचे घनपदार्थ नसल्याची खात्री करावी, कारण काही डार्क चॉकलेटांमध्ये आणि अनेक कंपाउंड चॉकलेटांमध्ये ते असतात. ८० मिलिलिटर घट्ट नारळाचे दूध, म्हणजे पाणी अगदी कमी घालून काढलेला पहिला रस, मंद आचेवर कडेला वाफा येईपर्यंत तापवावे. उकळू दिल्यास ते फाटते. ते चॉकलेटवर ओतून तीन मिनिटे झाकून ठेवावे आणि मग मधोमधपासून बाहेर असे हळूहळू ढवळत न्यावे, म्हणजे गुळगुळीत आणि चमकदार गनाश तयार होते. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात ते घट्ट होत नसेल तर पसरण्यापूर्वी १५-२० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. कोकोबरोबर नारळाची चव सुरेख जुळते, आणि वरून भाजलेल्या खोबऱ्याचा कीस किंवा काजूचे तुकडे घातले तर आणखी कोणत्याही सजावटीची गरज राहत नाही.

साठवण

लेप नसलेला किंवा फक्त कोकोचा लेप असलेला केक हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस टिकतो. पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात तो एका दिवसानंतर फ्रिजमध्ये ठेवावा. ताज्या नारळाच्या दुधाचा थर असेल तर केक पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्येच ठेवून तीन दिवसांत संपवावा, आणि वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा. लोणी नसून तेल असल्याने हा केक थंडीत दगडासारखा होत नाही, तो फ्रिजमधून काढल्यावरही मऊच असतो. बिनालेपाचे तुकडे एकेक करून कागदात आणि मग पिशवीत गुंडाळले तर डीप फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहतात. ते बाहेर काढल्यावर गुंडाळलेल्या अवस्थेतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत, म्हणजे बाहेरच्या हवेतील ओलावा केकवर न धरता कागदावर धरतो.